आठ तास, समोरासमोर

पुण्याहून किंवा नागपूरहून अमेरिकेतल्या विद्यापीठात पीएचडीसाठी दाखल झालेल्या विद्यार्थ्याचा ऑगस्ट महिना कागदपत्रांतच जातो. बँकेचे खाते, घराचा करार, सोशल सिक्युरिटी क्रमांक, लसीकरणाचा दाखला. त्याच गर्दीत विभागाच्या कचेरीतून एक ईमेल येते, की ‘आरसीआर’ प्रशिक्षण अमुक तारखेच्या आत पूर्ण करावे. संशोधन सचोटीने कसे करावे याचे हे शिक्षण, रिस्पॉन्सिबल कंडक्ट ऑफ रिसर्च. नवा विद्यार्थी ते आगीपासून बचावाच्या ऑनलाइन धड्यांच्या पंक्तीत बसवतो आणि एखाद्या रात्री ‘पुढे, पुढे’ दाबत संपवून टाकतो. प्रमाणपत्र येते, ईमेलला उत्तर जाते.

कित्येकांच्या बाबतीत एवढ्याने भागतेही. काहींच्या बाबतीत मात्र दोन वर्षांनी कळते, की केले ते निराळेच होते, आणि जे करायचे होते ते अजून बाकी आहे. कारण हे प्रशिक्षण किती तासांचे आणि कोणत्या पद्धतीचे, हे पगार कुठल्या ग्रँटमधून निघतो त्यावर ठरते. म्हणून ईमेल आल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो विभागाच्या ग्रँट कचेरीला: माझे पैसे नेमके कुठून येतात?

पैसे नॅशनल सायन्स फाउंडेशनचे, म्हणजे एनएसएफचे असतील तर नियम तुलनेने सैल आहे. २००७ च्या ‘अमेरिका कॉम्पीट्स’ कायद्याने एनएसएफच्या पैशावर संशोधन करणाऱ्या प्रत्येक पदवी विद्यार्थ्याला, पीएचडी विद्यार्थ्याला आणि पोस्टडॉकला हे शिक्षण देण्याची जबाबदारी विद्यापीठावर टाकली. ४ जानेवारी २०१० पासून ती अमलात आली. किती तास, काय शिकवायचे, ऑनलाइन की वर्गात, हे ज्या त्या विद्यापीठाने ठरवायचे. त्यामुळे एका ठिकाणी चार तासांचे ऑनलाइन धडे पुरतात, तर दुसरीकडे पूर्ण सत्राचा श्रेयांक असलेला कोर्स घ्यावा लागतो. २०२२ च्या ‘चिप्स अँड सायन्स’ कायद्याने व्याप्ती वाढवली. ३१ जुलै २०२३ पासून प्राध्यापक आणि प्रकल्पातले वरिष्ठ संशोधकही या बंधनात आले. शिवाय विद्यार्थ्याला मार्गदर्शन कसे करावे, संशोधनाच्या सुरक्षिततेला कोणते धोके असतात आणि निर्यात नियंत्रणाचे कायदे काय सांगतात, हे विषयही त्यात आले. गाईडलाही हे प्रशिक्षण घ्यावे लागते, ही गोष्ट नव्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवलेली बरी. लॅबच्या बैठकीत असा विषय काढायला तेवढाच आधार मिळतो.

नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, म्हणजे एनआयएचचे पैसे असतील तर प्रकरण कडक होते. एनआयएचने १९९० पासूनच आपल्या प्रशिक्षण ग्रँटवरच्या विद्यार्थ्यांना हे शिक्षण सक्तीचे केले आणि २००९ च्या सूचनेत त्याचे मोजमाप घालून दिले. किमान आठ तास. करिअरच्या प्रत्येक टप्प्यावर एकदा, आणि कोणत्याही परिस्थितीत चार वर्षांतून एकदा तरी. नुसते ऑनलाइन धडे चालत नाहीत. चर्चा समोरासमोर व्हायला हवी आणि तीत प्राध्यापकांनी स्वतः भाग घ्यायला हवा. २०२२ मध्ये व्हिडिओ कॉलवरची चर्चा मान्य झाली, पण ती प्रत्यक्ष त्या वेळी, दोन्ही बाजूंनी बोलत व्हायला हवी. आधीच रेकॉर्ड केलेले व्याख्यान पाहून आठ तास भरत नाहीत.

‘टप्पा’ या अटीकडे सहसा दुर्लक्ष होते. पीएचडीत असताना केलेले आठ तास पोस्टडॉकला चालत नाहीत. टप्पा बदलला की शिक्षण पुन्हा. आणि पीएचडी सहा वर्षे लांबली, पैसेही सगळा काळ प्रशिक्षण ग्रँटमधून येत राहिले, तर पहिल्या वर्षीच्या कोर्सची चार वर्षांची मुदत मध्येच संपते.

आता मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने जरा गुंतागुंतीचा भाग. एनआयएचची टी-३२ ही प्रशिक्षण ग्रँट आणि एफ-३१ ही फेलोशिप फक्त अमेरिकी नागरिकांना किंवा ग्रीन कार्डधारकांना मिळते. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलामुलींचा पगार बहुधा गाईडच्या आर-०१ सारख्या संशोधन ग्रँटमधून निघतो, आणि निव्वळ त्या कारणाने एनआयएचचा आठ तासांचा नियम लागू होत नाही. पण म्हणून सुटका झाली असे समजू नये. शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकी मुलीला लागू असलेला कोर्स बऱ्याच विद्यापीठांनी सगळ्याच पीएचडी विद्यार्थ्यांना सक्तीचा केला आहे. शिवाय पोस्टडॉकच्या काळात मिळणारा के-९९ हा पुरस्कार परदेशी नागरिकांनाही खुला आहे आणि त्याला आठ तासांची अट पूर्णपणे लागू आहे. ही अट महाराष्ट्रातही येऊन पोचते. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने एचआयव्ही आणि क्षयरोगाच्या संशोधनाचे प्रशिक्षण दिले गेले, ते एनआयएचच्या डी-४३ प्रकारच्या ग्रँटवर. अशा ग्रँटवर शिकणाऱ्याला पुण्यात बसूनही तोच नियम पाळावा लागतो.

बहुसंख्य विद्यापीठे ऑनलाइन भागासाठी ‘सिटी प्रोग्रॅम’ वापरतात. मायामी विद्यापीठ आणि सिॲटलचे फ्रेड हचिन्सन केंद्र यांच्या पुढाकाराने २००० साली तो सुरू झाला. त्यात गोंधळ उडतो तो नावांचा. एकाच संकेतस्थळावर आरसीआरचा कोर्स असतो, माणसांवर होणाऱ्या संशोधनाचा वेगळा असतो, औषधांच्या चाचण्यांसाठी ‘गुड क्लिनिकल प्रॅक्टिस’चा आणखी वेगळा, प्राण्यांवरच्या प्रयोगांचा चौथा. सर्वेक्षण करणाऱ्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला एथिक्स कमिटीची, म्हणजे तिकडच्या आयआरबीची परवानगी काढताना माणसांवरच्या संशोधनाचा कोर्स लागतो. तो केला म्हणजे आरसीआर झाले असे होत नाही, आणि उलटही नाही. नोंदणी करताना आपले विद्यापीठ यादीतून अचूक निवडावे लागते, नाहीतर प्रमाणपत्र खात्यावर चढते पण विद्यापीठाला दिसत नाही. प्रत्येक प्रमाणपत्राची प्रत तारखेसह स्वतःच्या संग्रहात ठेवावी. विद्यापीठ बदलले की जुना ईमेल पत्ता बंद होतो आणि त्यासोबत सगळे पुरावेही.

भारतातून एम.फिल. किंवा पीएचडीचा काही भाग करून गेलेल्यांकडे आणखी एक कागद असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता’ हा दोन श्रेयांकांचा, ३० तासांचा कोर्स पीएचडीच्या पूर्वअभ्यासात सक्तीचा केला. तासांच्या हिशेबात तो एनआयएचच्या जवळजवळ चौपट भरतो, तरी अमेरिकेत त्याची वजावट मिळेल असे धरून चालू नये. तिथला नियम त्या संस्थेतल्या, त्या टप्प्यावरच्या शिक्षणाबद्दल आहे. अर्थात दाखवायला हरकत नाही. अर्जात आधीच्या शिक्षणाची नोंद करता येते.

त्या कोर्सबरोबर एक सवयही तिकडे जाते, आणि तिच्यापासून सावध राहायला हवे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी वाङ्मयचौर्याला टक्क्यांच्या पायऱ्या लावल्या. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांत प्रबंध दुरुस्त करून द्यायचा. ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करायला बंदी. ६० च्या वर गेल्यास नोंदणीच रद्द. परिणाम असा झाला, की सॉफ्टवेअरने ९ टक्के दाखवले की विद्यार्थी सुटकेचा श्वास सोडतो. अमेरिकी सरकारच्या व्याख्येत टक्केवारी कुठेच नाही. दुसऱ्याची कल्पना, पद्धत, निष्कर्ष किंवा शब्द श्रेय न देता वापरणे हे वाङ्मयचौर्य. मग साम्य दोन टक्के का असेना, किंवा शब्द सगळे बदललेले का असेनात. व्याख्येतले दुसरे दोन गुन्हे म्हणजे नसलेला डेटा रचणे आणि असलेला डेटा, उपकरण किंवा प्रक्रिया फिरवून निष्कर्ष वाकवणे. प्रामाणिक चूक आणि शास्त्रीय मतभेद हे गुन्हे नाहीत, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. पेपरवर कुणाचे नाव आधी, हा वादही त्यात बसत नाही. अशी तक्रार घेऊन चुकीच्या दारात गेले की दोन महिने वाया जातात.

आठ तास वर्गात बसवून काय साधते, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात २००५ साली जे झाले त्यात शोधता येते. एलिझाबेथ गुडविन या जनुकशास्त्रज्ञ तिथे एका सूक्ष्म कृमीवर संशोधन करत होत्या आणि त्यांच्या लॅबमध्ये पीएचडीचे सहा विद्यार्थी होते. त्यांनी सरकारला पाठवलेला एक ग्रँटचा अर्ज विद्यार्थ्यांच्या हातात पडला. त्यातले काही निष्कर्ष आणि काही आकृत्या प्रत्यक्ष लॅबमध्ये झालेल्या कामाशी जुळेनात. पुढचे बरेच दिवस सहाही जणांचा आपापसांत खल चालला. तक्रार केली तर लॅब बंद पडणार, गाईड जाणार, इतक्या वर्षांचे काम हवेत राहणार, हे त्यांना दिसत होते. तरी त्यांनी तक्रार केली. गुडविन यांनी २००६ च्या सुरुवातीला राजीनामा दिला. विद्यापीठाच्या चौकशीत त्यांच्या ग्रँट अर्जांतल्या खोटेपणावर शिक्कामोर्तब झाले, आणि २०१० मध्ये त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्यांना दोन वर्षांची देखरेखीची शिक्षा झाली, तुरुंगवास टळला. विद्यार्थ्यांची मात्र वाताहत झाली. काहींनी पीएचडी सोडून वेगळाच रस्ता धरला, काहींना दुसरीकडे जाऊन नव्याने सुरुवात करावी लागली.

याहून अवघड गोष्ट ड्यूक विद्यापीठातली आहे. अनिल पोट्टी यांच्या कॅन्सरविषयक संशोधनात २००८ साली काम करणाऱ्या वैद्यकीय शाखेच्या एका विद्यार्थ्याने, आकडेमोडीच्या पद्धतीतच घोळ आहे असे लेखी कळवले होते. वरिष्ठांनी समजूत घातली, फेलोशिप देणाऱ्या संस्थेकडे विषय नेऊ नये असे सुचवले. त्याने लॅब सोडली, पेपरांवरून स्वतःचे नाव काढून घेतले आणि आणखी एक वर्ष घालवून दुसरे संशोधन केले. दरम्यान त्याच पद्धतीच्या आधारे रुग्णांवर चाचण्या सुरूच होत्या. त्या २०१० मध्ये थांबल्या. त्या विद्यार्थ्याचे म्हणणे लोकांपुढे यायला २०१५ उजाडले.

या दोन्ही प्रकरणांतल्या विद्यार्थ्यांना ‘खोटे बोलू नये’ हे शिकवण्याची गरज नव्हती. त्यांना हवे होते ते कुणाकडे जायचे, कोणत्या क्रमाने जायचे, तोंडी की लेखी, आणि गेल्यावर संरक्षण कोणते, याचे ज्ञान. आठ तासांच्या चर्चेतून निदान एवढे तरी पदरात पाडून घ्यायला हवे. वर्गात प्राध्यापक बसलेले असतात, विषय काढायला निमित्त असते, आणि ‘समजा एखाद्या लॅबमध्ये’ अशी सुरुवात केली की कुणाचे नावही घ्यावे लागत नाही. भारतातून गेलेला विद्यार्थी बहुधा नेमका इथेच गप्प बसतो. गाईडसमोर शंका काढणे म्हणजे अपमान, ही इकडची शिस्त तो सोबत नेतो; त्यात व्हिसा विद्यापीठावर अवलंबून. ती भीती अगदीच निराधार नाही, म्हणूनच वाटा आधी ठाऊक हव्यात.

सरकारी आरोग्य संशोधनाचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक संस्थेत गैरवर्तनाच्या तक्रारी हाताळणारा एक नेमलेला अधिकारी असतो, रिसर्च इंटेग्रिटी ऑफिसर. त्याच्याकडे ठोस आरोप मांडला की औपचारिक प्रक्रिया सुरू होऊ शकते. बऱ्याच विद्यापीठांत त्याशिवाय ओम्बड्स कचेरी असते. तिथले बोलणे गोपनीय राहते आणि तेवढ्याने चौकशी सुरू होत नाही. मन साशंक असेल तेव्हा आधी ओम्बड्सकडे जाणे शहाणपणाचे. सद्भावनेने तक्रार करणाऱ्यावर सूड उगवायला केंद्रीय नियमांनी मनाई केली आहे. पण सूड झाला हे दाखवायला तारखा लागतात, ईमेल लागतात. काय पाहिले, कधी पाहिले, कुणाशी बोललो, याची साधी टिपणे ठेवायची. मूळ डेटाला मात्र हात लावायचा नाही आणि तो घरीही न्यायचा नाही.

हा शेवटचा मुद्दा जरा उलगडून सांगायला हवा, कारण त्यात भलेभले फसतात. ग्रँट विद्यार्थ्याला किंवा गाईडला मिळत नाही, ती विद्यापीठाला मिळते. त्यामुळे प्रयोगाच्या वह्या, मोजमापांच्या फाइली, सूक्ष्मदर्शकाखालची चित्रे हे सगळे साधारणपणे विद्यापीठाच्या मालकीचे असते. सुट्टीत घरी येताना पाच वर्षांचा डेटा खासगी हार्ड डिस्कवर भरून आणणे हा काही जणांना हक्क वाटतो. डेटा रुग्णांचा असेल तर त्यात गोपनीयतेचा भंग होऊ शकतो. तंत्रज्ञान नियंत्रित यादीतले असेल तर देशाबाहेर नेणे म्हणजे निर्यात ठरू शकते. निघण्याआधी गाईडची लेखी परवानगी घेणे आणि निर्यात नियंत्रणाच्या कचेरीला एक ईमेल टाकणे एवढे केले तरी पुष्कळ टळते. एनआयएचच्या २५ जानेवारी २०२३ पासूनच्या धोरणानुसार तर वैज्ञानिक डेटा निर्माण करणाऱ्या संशोधन प्रकल्पाच्या अर्जातच डेटा कुठे ठेवणार आणि कुणाला देणार याची योजना द्यावी लागते. ती योजना मागून वाचावी. लॅबमधल्या अर्ध्या लोकांनी ती पाहिलेली नसते.

चित्रांबाबतही असाच सैलपणा असतो. एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ४० जर्नलांतले २०,६२१ पेपर तपासले, तेव्हा ३.८ टक्के पेपरांत शंकास्पद, दोनदा वापरलेली चित्रे सापडली. त्यातली काही निव्वळ फाइलींच्या गोंधळातून आलेली असू शकतात. पण दहा वर्षांनी कुणी विचारले तर मूळ फाइल दाखवता येणे हाच बचाव. चित्राचा उजेड वाढवला, कडा कापली, तर काय केले ते नोंदवायचे आणि मूळ प्रत तशीच राखायची.

लेखकांच्या नावांबाबत बोलणे पेपर लिहून झाल्यावर काढू नये, प्रयोग ठरवतानाच काढावे. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांनी घालून दिलेल्या चार अटी त्याला सोयीच्या आहेत: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा चिकित्सक दुरुस्तीत वाटा, अंतिम मसुद्याला संमती, आणि सगळ्या कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. चारही हव्यात. ग्रँट आणली म्हणून कुणाचे नाव बसत नाही, तसे विभागप्रमुख आहेत म्हणूनही बसत नाही.

गाईडकडे परीक्षणाला आलेला पेपर विद्यार्थ्याकडे सरकवण्याची पद्धत सर्रास आहे. शिकायला ते चांगलेच, फक्त संपादकाला कळवून, नाव सांगून व्हायला हवे. ग्रँटचे अर्ज तर अधिकच गोपनीय. त्यांचे परीक्षण करताना चॅटजीपीटीसारखी साधने वापरायला एनआयएचने जून २०२३ मध्ये मनाई केली, कारण मजकूर त्यात टाकला की तो बाहेर गेला.

आणि मग के-९९ चा अर्ज भरायची वेळ येते. त्यात आरसीआरच्या शिक्षणाची योजना एका पानात लिहावी लागते आणि तीत पाच गोष्टी आल्याच पाहिजेत: स्वरूप, विषय, प्राध्यापकांचा सहभाग, एकूण तास आणि किती वर्षांनी पुन्हा. परीक्षक तिला गुण देत नाहीत, फक्त स्वीकारार्ह की नाही एवढे सांगतात. पण योजना नापसंत ठरली तर ती सुधारून मान्य होईपर्यंत पैसे सुटत नाहीत. ‘विद्यापीठाचा नेहमीचा कोर्स करेन’ या वाक्यावर पान संपवणारे अर्ज नापसंतीला निमंत्रण देतात. कोर्सचा क्रमांक, शिकवणाऱ्यांचा हुद्दा, चर्चेचे तास, आधी कोणत्या साली काय केले आणि पुढचा कोर्स कोणत्या सत्रात घेणार, हे सगळे लिहायचे. शिवाय गाईडशी दर महिन्याला होणाऱ्या बैठकीत डेटाच्या नोंदी किंवा लेखकत्व यावर बोलणे ठरले असेल, तर तेही लिहिता येते. अनौपचारिक शिक्षणाचीही दखल घेतली जाते, मात्र आठ तास भरायचे ते औपचारिक चर्चेतूनच. पोस्टडॉकसाठीचा कोर्स बऱ्याच ठिकाणी वर्षातून एकदाच होतो आणि त्याच्या जागा लवकर भरतात. अर्जाची तारीख त्याच्या आधीची असेल तर नावनोंदणीची पावती तेवढी जवळ ठेवावी.